चांदपूरची पेरणी, १८९३

पाठीवर शेणखताची कंडी आहे आणि अंगावरचं कापड टोचतंय. मे १८९३. गढवालातला चांदपूर परगणा, आदिबद्रीच्या देवळांपासून अर्ध्या दिवसाचा चढ. कापडाचं नाव भांगेला. भांगेच्या खोडातून काढलेल्या धाग्याचं, करड्या रंगाचं, गोणपाटाचं सख्खं भावंड. याचीच पोती शिवतात आणि हेच छातीशी सुईनं अडकवून अंगावर घेतात. सुती कापड मैदानातून येतं, त्याला पैसे पडतात, भांगेला घरचा. चार धुण्यांनंतर मऊ होतो, असं घरातली म्हातारी सांगते. चार धुणी किती वर्षांत होतात ते सांगत नाही.

येताना मनात धुनी, जटा, चिलीम आणि हिमाचलची सहल करून आलेल्या मित्रांच्या गप्पा असतील, तर त्या सध्या बाजूला ठेवा. सकाळपासून तुम्ही फक्त खत वाहताय. भांग ही खादाड. तिला गोठ्यामागची, पिढ्यान्‌पिढ्या शेण-राख मुरलेली काळी जमीन लागते, नाहीतर जंगल तोडून-जाळून मोकळा केलेला ताजा उतार. गव्हाला किंवा मंडुव्याला, म्हणजे नाचणीला, मिळणार नाही एवढा मान या पिकाला खताच्या बाबतीत मिळतो. बाकीच्या बाबतीत मिळत नाही, त्याकडे येऊच.

म्हातारी बी फोकते ते दाट, अगदी कोथिंबिरीसारखं. तुम्ही हात आखडता घेता, कारण झाडाला जागा हवी असं तुम्हाला कुठेतरी कळलेलं असतं. ती तुमच्या हातातली टोपली काढून घेते. "जागा दिलीस की फांद्या फोडेल, बाळा. मला फांद्या नकोत, काठी हवी." गर्दीत वाढलेलं रोप प्रकाशासाठी सरळ वर धावतं, पेरं लांब होतं, आणि साल एका ओढीत सोलता येते. पायवाटेच्या कडेला आपोआप उगवलेली भांग पाहा: तीच जात, पण झुडपासारखी पसरलेली. धाग्याच्या कामाला ती शून्य. दोघींत कुंपण एवढंसं, आणि वाऱ्याला कुंपण कळत नाही. रानातल्या नराचा पराग शेतातल्या मादीवर पडतो, शेतातला रानात जातो. तरीही या उताराची भांग शेजारच्या खोऱ्यातल्या भांगेहून निराळी राहते, कारण दर वर्षी कोणत्या झाडाचं बी ठेवायचं ते याच घरात ठरतं. ज्याला आज आपण हिमालयातलं देशी वाण म्हणतो त्याबद्दल बोलताना डोंगर, थंडी, ऊन यांचं कौतुक फार होतं. म्हातारीच्या हाताचं होत नाही.

पंधरा दिवसांत रोपं वर येतात आणि तुम्हाला, विदर्भ-मराठवाड्याचे असाल तर, हटकून अंबाडी आठवते. तशीच बोटं फाकलेली पानं. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ती आठवली होती. आपल्या अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे. दोघींचा धागा खोडाच्या सालीतून येतो आणि दोघी दोराच्या कामाच्या. नातं मात्र काही नाही. अंबाडी जास्वंदीच्या कुळातली.

मग पाऊस. आषाढात तुम्ही गुडघाभर पिकातून निंदणी करता, श्रावणात त्याच जागी उभं राहिलात तर बाहेरून दिसत नाही. दहा-बारा फूट उंच, दाट, आत हवा हलत नाही. अंगाला चिकट वास लागतो. पान-शेंड्यांवरच्या बारीक ग्रंथींतली ही राळ. गाई-म्हशी सहसा तोंड लावत नाहीत. दिवस लहान होऊ लागतात, आणि या पिकाला हंगाम कळतो तो रात्रीच्या लांबीवरून. साधारण तीस अंश अक्षांशावर, डोंगरात थंडी उतरण्याआधी फुलून, पिकून, मोकळं व्हायचं, हे वेळापत्रक बियात बसलेलं आहे. हेच बी दक्षिणेत नेऊन पेरलं तर तिथल्या वेगळ्या लांबीच्या रात्री त्याचं गणित चुकवतील.

सप्टेंबर. आता दोन झाडं वेगळी ओळखायची, कारण भांगेत नर आणि मादी वेगळ्या खोडांवर असतात. नराला झुबक्यांनी लोंबणारी बारीक फुलं. टिचकी मारली की पिवळी धूळ उडते. पराग सांडून झाला की नर वाळायला लागतो, म्हणून त्याला आधी कापायचं. त्याचा धागा मादीपेक्षा तलम. इथे तुम्हाला बंगालच्या राजशाहीतल्या नौगावची गंमत सांगायला हवी. तिथे या वर्षी गांजाची शेती सरकारी देखरेखीखाली चालू आहे, आणि पोद्दार नावाचा एक कसबी माणूस शेतात फिरून एकेक नर उपटून फेकतो. मादीला बी धरू द्यायचं नाही, म्हणजे राळ वाढते. आपल्या मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यातही गांजा पिकतो. एकच वनस्पती, तिकडे नर म्हणजे शत्रू, इकडे उत्तम कापड. म्हातारीला पोद्दाराबद्दल सांगून पाहा. पगार घेऊन चांगलं पीक उपटणारा माणूस तिला खरा वाटणार नाही.

नर कापायच्या या दिवसांतच उत्तरेकडून बातमी येते. बिरही गंगेच्या अरुंद खोऱ्यात गोहना गावापाशी डोंगर कोसळलाय, नदी अडलीय आणि मागे तळं साचतंय. गावातले लोक दोन दिवस त्याबद्दल बोलतात आणि परत कामाला लागतात.

कापलेल्या खोडांच्या जुड्या उन्हात वाळवून ओढ्याच्या डोहात दगडांखाली दाबल्या जातात. पंधरवडाभर त्या कुजतात, आणि तुम्ही त्या बाहेर काढता तेव्हाचा वास कुठल्याही प्रवासवर्णनात आलेला नाही याचं कारण तुम्हाला नीट कळतं. पाणी बर्फाचं. बुंध्याकडून साल धरायची आणि शेंड्याकडे ओढत न्यायची. जमली तर अख्खी फीत हातात येते, नाही जमली तर तुकडे. तुमचे तुकडेच येतात. मग लाकडी मोगरीनं बडवणं, पिंजणं, चाती फिरवत चालता-चालता सूत काढणं. अंगणात लाकडाचा भुसा आणि तुटक्या तंतूंचा ढीग पडतो. या ढिगाकडे जरा थांबून पाहा, कारण असंच काहीतरी तुमच्या घराजवळ सुमारे दीड हजार वर्षांपासून भिंतीत बसलेलं आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश मिसळलेले असल्याचं संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडली नाही. तिथल्या चित्रांखालचा गिलावा किड्यांनी बराच पोखरला, वेरूळला तसं झालं नाही. देवगिरीच्या किल्ल्यातही भांगेचा गिलावा आहे. चित्र पाहायला गेलेला माणूस गिलावा पाहत नाही, हे ओघानं आलंच.

आता त्या मानाबद्दल. हे घर पाबिलांचं. या परगण्यात भांग पेरणं, सोलणं, विणणं हे काम त्यांच्या नावावर जमा आहे आणि वरचे म्हणवणारे ब्राह्मण-राजपूत त्याला हात लावणं कमीपणाचं समजतात. पाणवठ्यावर भांडण जुंपलं की तिथे जी शिवी ऐकू येते ती अशी: तुझ्या घरात भांग पेरली जावो. आपल्याकडे घरावर गाढवाचा नांगर फिरवतात, इथे भांग पेरतात. आणि शिवी देणाऱ्याच्या गाईचं दावं, धान्याचं पोतं, घोंगडीखालचं अंथरूण कशाचं आहे? तेच आहे. कंपनी सरकारला हा कमीपणा कधी वाटला नाही. गुरख्यांकडून १८१५ मध्ये हे डोंगर घेतल्यावर कंपनीनं इथल्या शेतकऱ्यांना उचल देऊन भांगेचा धागा विकत घेतला. शिडांच्या आणि दोरांच्या आरमाराला तो हवाच होता.

कार्तिकात माद्या पिकतात. शेंडे आपटून बी झाडायच्या आधी घरातली पोरं ते तळहातांत चोळतात आणि हातावर काळपट थर जमतो. चरस. तो थोडा विकला जातो, थोडा आजोबांच्या सांध्यांना आणि संध्याकाळला लागतो. घरात त्याची चर्चा दोराच्या भावाइतकीही होत नाही. पण त्या थरासाठीच पटवारी दारात येतो. या डोंगरांत पटवारी म्हणजे महसूलही आणि पोलीसही. या खेपेला त्याच्याकडे विचारायला नवे प्रश्न आहेत. लंडनच्या पार्लमेंटात केन नावाच्या सभासदानं हिंदुस्थानातल्या गांजा-चरसाबद्दल प्रश्न केला, आणि जुलैत सरकारनं एक आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांत तीन हिंदी, एक राजा, एक कंवर, एक लाला. सत्तर प्रश्नांची यादी देशभर फिरते आहे. किती ओढतात, वेड लागतं का, गुन्हे करतात का. पटवारी चहा न मिळाल्यामुळे दुधावर समाधान मानून विचारतो आणि म्हातारी आपल्या परीनं उत्तर देते: यंदा नर बरा निघाला, पण मादीला उशिरा पावसानं झोडपलं. तो ते लिहून घेत नाही. त्याचंही खरं आहे, त्या यादीत त्याला रकाना नाही.

थंडीत बी निवडायचं. वाळक्या तुमडीत पुढच्या वर्षाचं बी, टोपलीत खायचं. बियाण्यासाठी ती ठरलेल्या झाडांचंच घेते: सरळ, उशिरा न पिकणारं, वाऱ्यात न पडलेलं. राळ किती होती हे तिच्या कसोटीत कुठेच नाही. खायचं बी लोखंडी तव्यावर भाजलं की तडतडतं, मग मीठ, हिरवी मिरची आणि डोंगरी लिंबाच्या रसाबरोबर पाट्यावर. या बियानं नशा येत नाही. मंडुव्याच्या भाकरीशी ही चटणी लावून तुम्ही खात बसा आणि तेवढ्या वेळात पुढची शंभरेक वर्षं डोळ्यांखालून घाला.

१९६१ चा आंतरराष्ट्रीय करार: गांजा बंद, पण धाग्यासाठी आणि बियांसाठी केलेली लागवड त्यातून वगळलेली. १९८५ चा आपला अमली पदार्थांचा कायदा: पान आणि सुटं बी व्याख्येबाहेर, धाग्यासाठी परवानगी देण्याची सोयही कलमात. कागदावर म्हातारी सुरक्षित आहे. प्रत्यक्षात परवाना यायला २०१८ उजाडतं, उत्तराखंड पहिलं राज्य ठरतं, आणि अट असते नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत. तुमडीतलं बी ही अट पाळेल याची शाश्वती नाही, कारण तिनं कधी तशी निवड केलीच नव्हती. म्हणजे परवाना घ्यायचा तर बी दुसरं आणायचं. तिकडे हिमाचलात मलाणा गावाच्या बाजूला उलट्या दिशेनं तेच: जास्त राळेची विदेशी संकरित बियाणी आली आणि त्यांचा पराग वाऱ्यावर सुटला. कमी नशेचं बाहेरचं आणि जास्त नशेचं बाहेरचं, दोन्हींच्या मध्ये हे घरचं वाण अडकलेलं. मोजणारे सगळे राळच मोजतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरण भांगेच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता देतं. चटणी संपली असेल तर परत या.

ऑगस्ट १८९४. दुसरं पीक डोक्याच्या वर गेलंय. सिमल्यात आयोगाचा अहवाल तयार झालाय: माफक वापरानं सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी गरजेची नाही, आणि हिमालयात आपोआप उगवणारी ही वनस्पती उपटून संपवणं शक्य नाही. जवळपास बाराशे साक्षी, अनेक खंड. चांदपुरात त्यातलं एक पानही येत नाही. गोहन्याहून मात्र तारेचे खांब खालपर्यंत आलेत. तळं कधी फुटेल हे इंजिनिअरांनी हिशेबानं सांगितलंय आणि नदीकाठची गावं वर हलवलीत. पंचवीस तारखेच्या रात्री ते फुटतं. अलकनंदा गढवालातल्या श्रीनगरचा बाजार धुऊन नेते. माणसं जवळजवळ सगळी वाचतात, पण वाटा, पूल, दुकानं गेलेली.

चौथ्या-पाचव्या दिवशी कर्णप्रयागकडून एक व्यापारी धापा टाकत चढून येतो. ओझी बांधायला, लाकडं ओढायला, होड्या अडकवायला दोर पाहिजेत. असतील तितके, आत्ता. म्हातारी अंगणातली वेटोळी मोजत नाही, मोजल्यासारखं करते. मागच्या वर्षीच्या नराचा दोर आहे म्हणते, पाण्यात न कुजणारा, आणि नेहमीपेक्षा चढा भाव सांगते. तो नाही म्हणतो. ती तुम्हाला वेटोळी आत नेऊन ठेवायला सांगते. तुम्ही दोन उचलता, तेवढ्यात तो हो म्हणतो.