बिनतारी संभाषणसेवेची गुणवत्ता

बिनतारी मार्गाने पाठविलेल्या तारेतील एखादा शब्द पुसट झाला, तर तो पुन्हा मागवून घेता येतो. संभाषणाचे तसे नाही. ते ज्या क्षणी होते त्याच क्षणी, जवळजवळ अखंडपणे, पलीकडे पोहोचावे लागते. हरवलेला शब्द मागाहून मिळाला, तरी त्याचा उपयोग नसतो. सतत बदलणाऱ्या बिनतारी मार्गावर अशा तत्क्षणी सेवेची गुणवत्ता कशी राखावयाची, हा प्रश्न महाराष्ट्रात खडकी व दौंड येथील केंद्रांत ठळकपणे उभा राहिला.

मार्कोनी पद्धतीची लघुतरंग शलाका-सेवा भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान १९२७ मध्ये सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे होते. प्रबळ प्रेषकाच्या शेजारी दुर्बल संदेश ऐकणे अशक्य असल्याने ही दोन केंद्रे मुद्दाम दूर ठेवलेली होती आणि दोन्ही तारांनी मुंबईशी जोडलेली होती. ही सेवा तारसंदेशांची होती. १९३२ मध्ये बिनतारी व समुद्री तारा यांचा कारभार इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनीकडे एकत्र आला आणि १ मे १९३३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते मुंबई–लंडन बिनतारी दूरध्वनी सेवेचे उद्‌घाटन झाले.

लघुतरंग आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरांवरून) परावर्तित होत दूर जातात. या थरांची स्थिती दिवस-रात्र, ऋतू आणि सुमारे ११ वर्षांचे सौर डागांचे चक्र यांनुसार बदलते. म्हणून दिवसा उच्च व रात्री नीच कंप्रता वापरावी लागे. मुंबई व लंडन यांच्या घड्याळांत काही तासांचे अंतर असल्यामुळे मुंबईत रात्र पडली तरी लंडनला ऊन असे आणि दोन्ही टोकांना मानवेल अशी कंप्रता निवडणे हे नाजूक काम होते. शिवाय एकच तरंग दोन-तीन वाटांनी येऊन पोहोचला, तर आवाजातील काही स्वर परस्परांना मारक ठरून नाहीसे होत व काही तसेच राहत. तारेच्या ठिपके-रेघांना हा दोष एक वेळ चाले. मानवी आवाज मात्र त्याने पोकळ व अनोळखी होई. यावर एकमेकांपासून दूर उभारलेले आकाशक वापरण्याचा उपाय लघुतरंग दूरध्वनीत रूढ झाला. निरनिराळ्या ठिकाणी आवाज सहसा एकाच वेळी मंदावत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

अशा मार्गांवर ग्रहण केलेला आवाज पुन्हा प्रेषकात शिरून शीळ उठू नये, म्हणून बोलणाऱ्याच्या आवाजावर चालणारी स्विचे बसवीत. त्यामुळे एका वेळी एकालाच बोलता येई आणि वाक्याचे पहिले अक्षर कधीकधी कापले जाई. हळू व मोठ्याने बोलणारे या दोघांचाही आवाज प्रेषकाला योग्य पातळीवर मिळावा, यासाठी तांत्रिक चालक कानाला श्रवणी लावून पातळी सतत सांभाळी. गुणवत्तेचा पहिला मापक हा माणसाचा कानच होता, असे म्हणण्यास हरकत नाही. शब्द कळावेत यासाठी संभाषणाची सहजता खर्ची पडे. चुंबकीय वादळाच्या वेळी तर सर्वच उपाय निरुपयोगी ठरत.

१९४७ च्या आरंभी ही सेवा सरकारने ताब्यात घेतली व ती ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या नावाने चालू लागली. पुढे १९७१–७२ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. आयनांबराची लहर संपली व आवाज स्वच्छ झाला. पण सुमारे ३६,००० किमी. उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास तरंगांना पाव सेकंद लागे. प्रश्न व उत्तर यांत त्यामुळे किमान अर्ध्या सेकंदाची पोकळी पडे आणि स्वतःच्याच शब्दाचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून प्रतिध्वनिरोधक बसवावे लागत. स्पष्टता मिळाली, ती विलंबाच्या किंमतीवर. लघुतरंग मार्गावर हा विलंब फारच थोडा होता, हे सहसा विसरले जाते.

आज जळगाव जिल्ह्यातील बोदवडसारख्या तालुक्याच्या गावाहून परदेशी असलेल्या मुलाशी भ्रमणध्वनीवर चित्रसंवाद करता येतो. समुद्र ओलांडणे आता काचतंतूंचे काम आहे; बदलता बिनतारी मार्ग उरला आहे तो बहुधा मनोरा व हातातील यंत्र यांच्यामधला. तेथे आवाजाचे अंकीय तुकडे करून पाठवितात. एकाच मनोऱ्यावर अनेकांची गर्दी झाली की हे तुकडे अनियमित अंतराने येतात. ग्राही यंत्र त्यांना क्षणभर साठवून ओळीने सोडते. साठवण वाढविली तर तुटकपणा कमी होतो, पण विलंब वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा व ४०० च्या पुढे जाऊ नये. चौथ्या पिढीच्या जाळ्यात आवाजाच्या तुकड्यांना इतर माहितीच्या आधी वाट देण्याची सोय आहे. या वर्गासाठी विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद ठरविलेली असून शंभरात एखादा तुकडा हरवला तरी चालतो. उशिरा आलेला तुकडा मात्र टाकूनच दिला जातो.