मिलानचे वीजबिल

डिसेंबर 1962 मध्ये इटलीने वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि खासगी वीज कंपन्या 'एनेल' या सरकारी संस्थेच्या ताब्यात गेल्या. मिलानमधले वकील फ्लामिनिओ कोस्ता अशाच एका कंपनीचे, एडिसन व्होल्टाचे, भागधारक होते. त्यांनी एनेलचे बिल भरायला नकार दिला. रक्कम दोन हजार लिरांच्याही आतली. राष्ट्रीयीकरणाचा हा कायदा 1957 च्या रोम कराराशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवसांत, गेली दोन वर्षे मी युरोपीय कायद्याचा प्राथमिक अभ्यास करतो आहे. सुरुवातीची बरीच पाने संस्थांच्या नावांतच जातात. युरोपीय परिषद, मंत्रिपरिषद आणि 'कौन्सिल ऑफ युरोप' या तीन निराळ्या गोष्टी, आणि त्यांतली तिसरी युरोपीय संघाची संस्थाच नव्हे, हे सरळ पाठच करावे लागते. खरा इतिहास सापडतो तो खटल्यांत.

'सुप्रानॅशनल', म्हणजे अधिराष्ट्रीय, या शब्दाचाच प्रवास पाहा. 1951 च्या कोळसा आणि पोलाद समुदायाच्या करारात तो नवव्या कलमात स्पष्ट लिहिलेला होता. समुदायाच्या उच्च प्राधिकरणातील सदस्यांनी कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत, असा त्याचा अर्थ. ऑगस्ट 1954 मध्ये फ्रान्सच्या संसदेने सामाईक युरोपीय सैन्याची योजना बुडवली आणि शब्द अडचणीचा झाला. रोम करारात तो नाही. पुढे 1965 च्या विलीनीकरण कराराने नववे कलमही गेले. राजकारण्यांनी शब्द वगळला, आणि त्यामागची कल्पना न्यायाधीशांनी उचलली, असे मला वाटते.

आधी 5 फेब्रुवारी 1963 चा निकाल आला. जर्मनीहून युरिया-फॉर्माल्डिहाइड आणणाऱ्या व्हॅन गेंड एन लोस या डच कंपनीकडून 3 ऐवजी 8 टक्के जकात घेतली गेली होती. करार सरकारांमधला, त्यात कंपनीचा काय संबंध, असा सूर सहापैकी तीन सरकारांनी लावला. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने मात्र करारातून नागरिकांनाही थेट हक्क मिळतात, असे ठरवले. आपल्याकडे परदेशांशी झालेला करार अमलात आणायला संसद कलम 253 खाली कायदा करते. त्यामुळे आपल्या वाचकाला ही उडी केवढी मोठी होती, ते लगेच कळेल.

कोस्तांचे प्रकरण मिलानच्या सर्वांत खालच्या दिवाणी न्यायाधीशापुढे होते. गंमत अशी, की रक्कम इतकी क्षुल्लक होती म्हणूनच त्याच्या निकालावर अपील नव्हते. आणि ज्याच्या निकालावर अपील नाही त्या न्यायालयाने कराराच्या अर्थाचा प्रश्न लक्झेंबर्गला पाठवलाच पाहिजे, असे रोम कराराचे कलम 177 सांगत होते. त्याच वादात इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च 1964 मध्ये सरळ नियम लावला: रोम करार साध्या कायद्याने स्वीकारलेला, तेव्हा नंतरचा साधा कायदा त्याच्यावर मात करणार. इटलीच्या सरकारने तर प्रश्न पाठवणेच ग्राह्य नाही, असे म्हटले. 15 जुलै 1964 ला लक्झेंबर्गने उलट निकाल दिला: देशाचा नंतरचा कायदाही समुदायाच्या कायद्यापुढे टिकणार नाही. बिलाचा फैसला मात्र मिलानच्या न्यायाधीशाकडेच परत गेला.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा विजय म्हणून येतो. मला तो इतका निर्मळ वाटत नाही. हे श्रेष्ठत्व रोम करारात कुठेच लिहिलेले नव्हते. युरोपीय राज्यघटनेच्या मसुद्यात ते प्रथम स्पष्ट आले. 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो मसुदा नाकारला, आणि लिस्बन करारात ते फक्त जोडलेल्या 17 व्या घोषणेत उरले. मात्र दुसरी बाजूही खरी: प्रत्येक संसदेला पुढच्या वर्षी नवा कायदा करून करार गुंडाळता आला असता, तर सामाईक बाजारपेठ उभीच राहिली नसती. सहा देशांनी तीच तर मागितली होती.

इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने आपली भूमिका बदलायला 1984 साल उजाडले, आणि तेव्हाही आपल्या राज्यघटनेची मूलतत्त्वे त्याने राखून ठेवली. मे 2020 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीवरचा लक्झेंबर्गचा निकाल बंधनकारक मानला नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने युरोपीय करारातील काही तरतुदींचा अर्थच पोलिश राज्यघटनेशी विसंगत ठरवला.