धसकट लागल्यापासूनचे ७२ तास

सोयाबीन निघालं की वर्धा जिल्ह्यातल्या वावरांत धसकटं उभी राहतात, खिळ्यासारखी. शुगर असलेल्या माणसाच्या पायात ते शिरलं तर आत काय घडतं, त्याचा हा घटनाक्रम. माणूस कुणीही असू शकतो.

७२ तास आधी, सकाळी ८
झिजलेल्या चपलेतून धसकट तळव्यात जातं, टोक आतच मोडतं. जुन्या मधुमेहानं पाय बधिर. त्याला कळतही नाही. मातीतले, कातडीवरचे जंतू आत.

७० तास आधी
मॅक्रोफेज नावाची रोगप्रतिकारक पेशी जंतू ओळखते. एरवी ती साखर पूर्ण जाळते, ग्लुकोजच्या एका रेणूतून सुमारे ३० एटीपी, म्हणजे ऊर्जेचे रेणू, मिळवते. आता अर्धवटच जाळू लागते. त्यातून मिळतात अवघे २, पण झटपट. चुलीत बाभळीचं लाकूड जळू देण्याऐवजी पऱ्हाट्या भराभर साराव्यात, तसं.

६४ तास आधी
पेशीच्या तंतुकणिकांमधलं (मायटोकाँड्रियातलं) ऊर्जाचक्र मध्येच अडतं, त्यातला सक्सिनेट हा पदार्थ साचतो. २०१३ मध्ये डब्लिनच्या ल्यूक ओ'नील यांच्या गटानं दाखवलं, की हे सक्सिनेट ‘एचआयएफ-१ आल्फा’ हे प्रथिन टिकवून धरतं आणि त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा वाढतं. ताप आणि सूज आणणारं रसायन ते हेच. अर्धवट जळणाचा धूरच पेशीला हुकूम देतो! मला यात शरीराची विलक्षण हुशारी दिसते. पण वाढलेल्या साखरेत जंतू मारणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मंदावलेल्या असतात. जंतू नीट मरत नाहीत, म्हणून आग विझत नाही.

२४ तास आधी
पाय टम्म. थंडी वाजते.
“अजी, सेवाग्रामले चाला.”
“आज कापूस वेचाचा हाये. उद्या पाहू.”
हा ‘उद्या’ ऐकला की जीव तुटतो.

६ तास आधी
जंतू रक्तात. अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल यकृताला आणखी साखर सोडायला लावतात. इन्सुलिनला ती आवरत नाही.

२ तास आधी
श्वास जलद, बोलणं असंबद्ध. अर्धवट जळलेल्या साखरेतून उरणारं लॅक्टेट रक्तात चढतं. लढून दमलेल्या कित्येक पेशींना आता साखर धड सावकाशही जाळता येत नाही, धड झटपटही नाही.

० तास
सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या दारात गाडी थांबते. रक्तदाब कोसळलेला. परिचारिका पायावरचं फडकं सोडते. तळव्यात काळा ठिपका, नखाएवढासुद्धा नाही.