विटाळ वेगळा, स्वच्छता वेगळी

आजचा विषय प्रत्येक घरात रोज असतो आणि बोलण्यात मात्र जवळजवळ नसतो. बायकांच्या अंगाची निगा. म्हणजे पाळीतला कपडा, त्याचं धुणं आणि वाळवणं, अंगावरून जाणारं पांढरं पाणी, लघवीला जाण्याची सोय. याला कसला आलाय इतिहास, असं कुणाला वाटेल. राजांच्या बखरी आहेत, कपड्याच्या घडीची बखर कुणी लिहिली नाही. पण हा इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशी भाषेत साठलेला आहे. म्हणून सुरुवात शब्दांपासून करू.

मराठीत पाळीला किती शब्द आहेत बघा. बाहेरची झाली, बाजूला बसली, कावळा शिवला, शिवायचं नाही, अडचण आहे. ‘पाळी’ हा शब्दसुद्धा नुसता क्रम सांगतो. या सगळ्यांत एकही शब्द रक्ताबद्दल नाही. सगळे शब्द जागेबद्दल किंवा स्पर्शाबद्दल आहेत: बाई कुठे बसली, कुणाला शिवली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे महत्त्वाचं वाटतं, कारण भाषाच आपल्याला सांगते की समाजाची काळजी शरीराची नव्हती, सीमेची होती. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली ‘प्युरिटी अँड डेंजर’ या पुस्तकात हेच मांडलं. घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू. भात ताटात अन्न असतो आणि तोच साडीवर सांडला की खरकटं होतो. भात तोच आहे, जागा बदलली.

तेव्हा विटाळ ही एक कल्पना आणि स्वच्छता ही दुसरी. आपल्याकडे या दोन्ही एकच समजल्या गेल्या, आणि त्याची किंमत बायकांनी अंगावर मोजली. आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा तपशील.

तैत्तिरीय संहितेत एक कथा येते. इंद्राने विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्येचं पाप लागलं. ते त्याने वाटून टाकलं. एक वाटा पृथ्वीने घेतला, एक झाडांनी, एक स्त्रियांनी. स्त्रियांनी घेतलेला वाटा म्हणजे मासिक स्राव. म्हणजे गुन्हा केला कुणी आणि दर महिन्याला भोगतंय कोण! पण आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे ते त्याच्या पुढचं. त्या तीन दिवसांत बाईने काय करू नये याची तिथे यादी आहे: अंघोळ करू नये, तेल लावू नये, केस विंचरू नयेत, काजळ घालू नये, दात घासू नयेत, नखं काढू नयेत. केलं तर होणाऱ्या मुलात अमुक व्यंग येईल. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की स्वतःच्या अंगाची निगा राखायची जवळजवळ प्रत्येक कृती यात वर्ज्य आहे. ज्या दिवसांत पाण्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत पाणी बंद. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणं झालं की बाई शुद्ध, आणि मधले तीन दिवस तिने काय सोसलं याची नोंद कुठेच नाही.

हा नियम एवढ्यावर थांबला नाही. भाद्रपदातली ऋषिपंचमी आपल्याला माहीत आहे. पाळीत चुकून कुठे हात लागला असेल तर त्याच्या प्रायश्चित्ताचं ते व्रत. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून त्या दिवशी परसातली ऋषीची भाजी करायची. भाजी उत्तम लागते, आम्हीही आवडीने खातो. पण ती कशासाठी होते हे किती घरांत सांगितलं जातं? आणि गंमत बघा, पहिल्या वेळी न्हाण आलं की याच समाजात मुलीला मखरात बसवत, ओटी भरत. पहिल्याचा उत्सव, दुसऱ्यापासून बाजूला.

याला आपल्या भाषेतच विरोध झालेला आहे, आणि तोही फार जुना. तेराव्या शतकात चक्रधरांनी पाळीचा विटाळ मानला नाही. शरीराच्या इतर द्वारांतून जसं काही बाहेर पडतं तसंच हे, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. महानुभावांच्या परंपरेत तो नोंदला गेला आहे. पुढच्या शतकात चोखोबांच्या घरच्या सोयराबाईंनी तर थेट विचारलं की विटाळ देहातच जन्मतो, तर मग विटाळावाचून निर्मळ असा देह आहे तरी कुणाचा. हा प्रश्न विचारणारी बाई महार होती. तिला दोन विटाळ लावलेले होते, एक महिन्याचे चार दिवस आणि एक जन्मभर. म्हणून तिच्या प्रश्नाला जी धार आहे ती पंडितांच्या वादात सापडत नाही.

आता वस्तूंकडे येऊ. आमच्या आईच्या आणि आजीच्या पिढीचं साधन म्हणजे जुनं लुगडं. वापरून वापरून मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर फाडायचं, त्याच्या घड्या करायच्या. नऊवारीचा काष्टा असल्यामुळे घडी जागेवर राहायला मदत व्हायची. पाचवारी आणि परकर आले तेव्हा कमरेला नाडी बांधून त्यात कपडा अडकवायची वेळ आली. सुती कपडा ही वाईट वस्तू मुळीच नव्हती. साबणाने धुतलेला, कडक उन्हात वाळलेला सुती कपडा आजही डॉक्टर चालेल म्हणतात. अडचण उन्हाची होती. तो कपडा कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये! म्हणून तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, गोठ्याच्या वळचणीला वाळायचा. कोकणातल्या पावसाळ्यात तर वाळायचाच नाही, तसाच दमट वापरायचा. जंतू मारायला फुकटचं ऊन दारात पडलेलं, आणि लाजेपायी कपडा अंधारात.

आणि त्याच घरात सोवळ्याचं काय चाललं होतं? सुती वस्त्राला विटाळ चटकन लागतो, रेशमाला आणि लोकरीला लागत नाही, असा समज. म्हणून मुकटा किंवा धाबळी सोवळ्याला चालायची, मग ती किती दिवस धुतलेली नसो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे, ते वाचून आपण हसतो. पण त्या हसण्याखाली आमचा मुद्दाच आहे. तासन्‌तास पाण्याशी खेळणारा माणूस स्वच्छतेच्या मागे नव्हताच. घामाने कडक झालेला मुकटा शुद्ध, आणि स्वच्छ धुतलेली, उन्हात वाळलेली चादर कुणी शिवलं की ओवळी. दोन्ही कल्पना एकमेकींच्या किती विरुद्ध जाऊ शकतात याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

याचा शरीरावर काय परिणाम झाला हे मोजायला फार उशीर लागला. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, सरासरी प्रत्येकीला साडेतीनच्या वर. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. याचा सगळा दोष कपड्यावर टाकता येणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण या आकड्यांचा अर्थ असा की जवळजवळ अख्खं गाव दुखणं घेऊन शेतात जात होतं आणि कुणी विचारलेलं नव्हतं. पांढरं जातं हे नवऱ्याला सांगायचं नाही, पुरुष डॉक्टरला तर नाहीच. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून अशा विषयांवर उघडपणे लिहिलं, तर त्यांना कोर्टात खेचलं गेलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, दुकानात पॅड मिळतं. बरोबर आहे. अमेरिकेत १८९६ साली लिस्टर यांच्या नावाने विकाऊ टॉवेल आले, पण बायका दुकानात मागायला लाजत, ते फारसे खपले नाहीत. पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्याचा शोषक कापूस बनला, तो परिचारिकांनी स्वतःसाठी वापरून पाहिला, आणि १९२० नंतर त्यातून कोटेक्स उभं राहिलं. म्हणजे शोध बायकांचा, कारखाना दुसऱ्यांचा.

पण पश्चिमेकडे लाज नव्हती असं समजू नका. तिथे ती जाहिरातीत गेली. लायसॉल हे जंतुनाशक, जे आपण फरशीला वापरू, ते तिथे अनेक वर्षं बायकांना आतून धुण्यासाठी सुचवलं जात होतं. नवरा दुरावेल, अशी भीती दाखवून! त्यात बायका भाजल्या. वास्तविक १८९२ सालीच डोडरलाइन या जर्मन डॉक्टराने दाखवलं होतं की योनीत उपयुक्त जिवाणू असतात आणि त्यांच्यामुळे तिथे आम्लता राहते. तीच तिची राखण. ती आतून स्वतःची स्वच्छता स्वतः करते. बाहेरून साधं पाणी पुरतं. हे कळून सव्वाशे वर्षं उलटली, तरी आज आपल्याकडे सुवासिक ‘इंटिमेट वॉश’ विकले जातात. पूर्वी सांगत तू अशुद्ध आहेस, आता सांगतात तुला वास येतो. पोथी बदलली, पुराण तेच.

पॅडमुळे मुलींची सोय झाली यात शंका नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या सुमारे ६४ टक्के मुली-बायका पॅड वापरतात असं दिसलं. निम्म्या अजून कपडाही वापरतात. २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला, ओरड झाल्यावर वर्षभराने तो गेला. २०१८ मध्ये आपल्या राज्याने ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देऊ केले. हे चांगलंच झालं. पण पॅड बदलायला आडोसा लागतो आणि हात धुवायला पाणी लागतं, ते ५ रुपयांत येत नाही. मुंबईसारख्या शहरात पुरुषांना लघवी फुकट आणि बायकांना पैसे, म्हणून २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ चालवावी लागली. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती बायका या सभागृहात आहेत, ते आम्ही हात वर करायला सांगणार नाही.

बीडकडे बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका महिनोन्‌महिने फडाशेजारी पालात राहतात. मोरी नाही, पाणी लांब, आणि खाडा झाला की मजुरी कापली जाते. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की पिशवी काढून टाका, असा सल्ला. २०१९ मध्ये राज्याने चौकशी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बादलीभर पाणी आणि चार बाजूंचा आडोसा यांच्या अभावी जे दुखणं सुरू होतं, त्यावर हा इलाज.

शेवटी एक गोष्ट राहिली, वापरलेल्या पॅडची. दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो, आणि वापरून झालं की बरेचदा ते तसंच उघडं कचऱ्यात जातं. तो कचरा हाताने निवडणारी पुन्हा बाईच, आणि बहुधा सोयराबाईंच्याच वस्तीतली. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लोकांना विनंती केली की पॅड कागदात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडावं लागणार नाही. २०१३ साली या बायकांनी वापरलेली पॅड पोत्यांत भरली आणि बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी असं कलम आलं. लाल ठिपका मात्र अजून आपल्याला घरी पेनानेच काढावा लागतो.