लघु रेडिओ दुर्बीण (विद्यार्थी प्रकल्प)

आकाशस्थ वस्तूंकडून येणाऱ्या रेडिओ तरंगांची नोंद घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभारलेले उपकरण. याचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत : सूर्यासाठी डीटीएचची छत्री आणि उदासीन हायड्रोजनच्या 21 सेंमी. रेषेसाठी कर्णा.

कर्ण्याचे मूळच एका विद्यार्थ्याच्या कामात आहे. हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी 1944 मध्ये वर्तवलेली ही रेषा 25 मार्च 1951 रोजी हार्वर्ड विद्यापीठात प्रथम टिपली गेली. एडवर्ड पर्सेल यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या हॅरल्ड यूएन यांनी आतून तांबे लावलेला प्लायवुडचा कर्णा प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवला होता. तोंड आभाळाकडे, त्यामुळे पाऊस आला की पाणी थेट खोलीत उतरे.

छत्रीच्या दुर्बिणीला फारसे काही लागत नाही : 60 सेंमी.ची छत्री, तिच्या दांडीवरचा एलएनबी (संकेत टिपून वाढवणारा भाग), छत्री बसवणारे कारागीर वापरतात तो सॅटेलाइट फाइंडर आणि वीजपुरवठा. मात्र ही छत्री ‘ऑफसेट’ असते. दिसते उभी, पण तिची नजर बरीच वर असते. नवखे हमखास इथेच फसतात. छत्रीवर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवावा. त्याचा कवडसा एलएनबीच्या तोंडावर पडला की नेम लागला.

खरी कसोटी चाचणीत असते. फाइंडरचा काटा चढला म्हणजे सूर्य सापडला असे नव्हे. भिंत, झाड, शेजारी उभा मित्र हे सारे सुमारे 300 केल्व्हिन तापमानाचे असल्याने काटा त्यांच्याकडेही चढतो. याचाच उपयोग कॅलिब्रेशनसाठी होतो. छत्री आधी जमिनीकडे, मग उपग्रहांचा पट्टा टाळून निरभ्र आकाशाकडे वळवून ग्रहण केलेली शक्ती मोजली, तर दोन वाचनांच्या गुणोत्तरावरून उपकरणाचा स्वतःचा गोंगाट काढता येतो. त्यानंतर छत्री सूर्याच्या किंचित पश्चिमेला रोखून हलवायची नाही. पृथ्वी 4 मिनिटांत 1° फिरते, तेव्हा सूर्य आपसूक छत्रीच्या झोतातून (ग्रहणाच्या टप्प्यातून) सरकतो आणि आलेखावर उंचवटा उमटतो. 11 गीगाहर्ट्‌झच्या आसपास या छत्रीचा झोत सुमारे 3° रुंद असतो. म्हणून अर्ध्या उंचीवर उंचवट्याची रुंदी 12 मिनिटांच्या आसपास यायला हवी. फारच जास्त आली, तर एलएनबी नाभीवर बसलेला नाही असा संशय घ्यावा.

कर्ण्याची परीक्षा याहून कडक. 1420.4 मेगाहर्ट्‌झजवळचा उंचवटा कर्णा कुठेही वळवला तरी जागचा हलत वा घटत नसेल, तर तो बहुधा लॅपटॉपचा किंवा एलईडी दिव्याच्या चार्जरचा प्रताप. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर गेल्यावर तो घटला पाहिजे, आणि स्थिर कर्ण्यासमोर तोच पट्टा रोज सुमारे 4 मिनिटे लवकर आला पाहिजे. कार्ल जान्स्की यांनी 1933 मध्ये रेडिओ संकेत सूर्यमालेबाहेरून येत असल्याचे याच फरकावरून ओळखले.

महाराष्ट्रात रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातही लहान छत्र्यांनीच झाली. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथून आलेल्या 1.8 मी. व्यासाच्या 32 छत्र्या वापरून गोविंद स्वरूप यांच्या गटाने 1965 मध्ये कल्याणला सौर दुर्बीण उभारली. आज पुण्यात एनसीआरए व आयुका या संशोधन संस्थांची संयुक्त रेडिओ फिजिक्स लॅब महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा उपकरणांवर हात बसवू देते. प्रकल्प तपासणाऱ्यांनीही छत्रीच्या छायाचित्रांवर भागवू नये. जमीन आणि आकाश यांची वाचने नसलेला अहवाल अपुरा समजावा.