मुक्त स्रोत प्रकल्पांतील कोडची पुनर्रचना

संगणक प्रणालीचे बाह्य वर्तन न बदलता तिच्या कोडची अंतर्गत मांडणी सुधारणे, या प्रक्रियेला कोडची पुनर्रचना असे म्हणतात. इंग्रजीतील ‘रिफॅक्टरिंग’ ही संज्ञा मार्टिन फाउलर यांच्या १९९९ साली प्रकाशित झालेल्या याच नावाच्या ग्रंथामुळे सर्वत्र रूढ झाली. मुक्त स्रोत प्रकल्पांत कोड अनेक स्वयंसेवक वेगवेगळ्या काळी लिहितात आणि मूळ लेखक बहुधा प्रकल्पातून बाहेर पडलेला असतो. त्यामुळे तेथे पुनर्रचनेपूर्वी कोड वाचून समजून घेण्याला विशेष महत्त्व आहे.

वाचन आणि पद्धत

नवा स्वयंसेवक प्रथम प्रणाली चालवून पाहतो आणि ‘गिट’सारख्या साधनातील नोंदींवरून प्रत्येक ओळ कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने लिहिली हे शोधतो. त्यानंतर प्रणालीचे सध्याचे वर्तन जसेच्या तसे नोंदवणाऱ्या चाचण्या लिहिल्या जातात. मायकल फेदर्स यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात अशा चाचण्यांचा पुरस्कार केला आहे. चलांना अर्थपूर्ण नावे देणे, लांबलचक फंक्शनचे लहान भाग करणे, पुनरावृत्ती टाळणे आणि वापरात नसलेला कोड काढून टाकणे ही पुनर्रचनेची नेहमीची कामे होत. प्रत्येक बदल लहान ठेवला जातो. लिनक्स कर्नलच्या नियमांनुसार एका पॅचमध्ये एकच तार्किक बदल असावा लागतो. त्यामुळे तपासणी सोपी होते आणि चूक आढळल्यास तेवढाच बदल मागे घेता येतो.

उदाहरणे

लिब्रेऑफिस हा प्रकल्प २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झाला. या कोडचे मूळ स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये असल्याने त्यात जर्मन भाषेतील असंख्य टिपा होत्या. स्वयंसेवकांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि निरुपयोगी कोड वगळला. लिनक्स कर्नलमध्ये २००८ पासून ‘स्टेजिंग’ हा स्वतंत्र विभाग आहे. पुरेशा दर्जाचे नसलेले ड्रायव्हर त्यात ठेवले जातात व त्यांची साफसफाई करत अनेक नवोदित कर्नलची ओळख करून घेतात.

धोके

अपुऱ्या आकलनातून केलेली साफसफाई घातक ठरू शकते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएलच्या कोडमधील दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या, कारण दोष शोधणारे साधन त्यांबाबत इशारा देत होते. त्यांपैकी एक ओळ गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता मिसळण्याचे काम करत होती. परिणामी यादृच्छिकतेसाठी केवळ प्रक्रिया क्रमांक उरला आणि त्याची शक्य मूल्ये फक्त ३२,७६८ इतकीच होती. हा दोष मे २००८ मध्ये उघडकीस आला आणि दरम्यान तयार झालेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

मराठी लिपीच्या संदर्भात

भारतीय लिपींसाठीचे ‘लोहित’ हे मुक्त फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने तयार केले आणि रेड हॅटने ते २००४ मध्ये खुले केले. पुढे ‘लोहित २’ या उपक्रमात फाँटमधील अक्षरजुळणीचे नियम नव्याने लिहिण्यात आले व अक्षरचिन्हांची नावे प्रमाणित पद्धतीने ठेवण्यात आली. फाँटमधील हे नियम एक प्रकारचा कोडच असतात. मराठी व हिंदीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे युनिकोड क्रमांक एकच असले तरी त्यांची वळणे भिन्न आहेत. योग्य वळणाची निवड फाँटला करावी लागते.

मराठीच्या दृष्टीने याहून नाजूक नियम अर्ध्या ‘र’चा आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. पहिल्या शब्दात रफार येतो, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा ‘र’. मराठी न जाणणाऱ्या स्वयंसेवकाला दुसरा नियम अनावश्यक पुनरावृत्ती वाटू शकतो. मात्र तो वगळल्यास मराठी वाचकासाठी शब्दाचा अर्थच बदलेल. म्हणून अशा प्रकल्पांच्या चाचण्यांत या शब्दजोड्यांचा समावेश असणे आणि त्या तपासण्यासाठी मराठी जाणणारे स्वयंसेवक असणे आवश्यक ठरते. या कामासाठी प्रोग्रामिंगच्या ज्ञानाइतकेच भाषेचे ज्ञानही उपयोगी पडते.