बाळगोळी ते पुडी

व्याख्यानमालेच्या चालकांनी व्यसन हा विषय सुचविला, तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. डॉक्टराने किंवा कीर्तनकाराने बोलावे असा हा विषय. आम्ही कामगार संघटनेचे माणूस. शाळा सातवीतच सुटली, पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीतील कपाटावर. परंतु जुने अहवाल चाळताना असे दिसून आले, की अफूचा इतिहास हा कामगाराच्या खोलीचाही इतिहास आहे. त्या एका खोलीपुरतेच आज बोलावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. चीनने ती अडविली, तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ या काळात युद्ध करून आपला व्यापार राखला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीचा मोठा हिस्सा याच व्यापारातून आला, आणि त्यांच्याच देणगीतून मुंबईचे नामांकित रुग्णालय उभे राहिले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. पण शहराच्या भांडवलात अफू होती, हे विसरून चालावयाचे नाही.

पुढे शहरात गिरण्या आल्या आणि अफू चाळीत शिरली. बाळंतीण बाई काही आठवड्यांतच साच्यावर किंवा रिळावर परत जाई. मूल खोलीत एखाद्या म्हातारीच्या हवाली. ते दिवसभर रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२१-२२ च्या सुमारास गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांच्या अहवालात १०० पैकी ९८ मुलांना अफू दिली जाते असे नमूद आहे. त्याच सुमारास, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. कित्येक जन्म गावी होत व शहरात नोंदले जात नसत, म्हणून हा आकडा जपून घ्यावयास हवा. त्यांतील किती मुले गोळीने गेली, हे मात्र कोणत्याच वहीत नाही. ताप, जुलाब, अशक्तपणा अशी नावे लागली आणि प्रकरण मिटले.

त्या आईला अडाणी म्हणणारे पुष्कळ होते. पण तिने काय करावे, हे सांगणारे थोडे. आईला उपदेश करून ही गोळी सुटण्यासारखी नव्हती. त्यासाठी बाळंतपणाची भरपगारी रजा हवी होती. त्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली मुंबई कौन्सिलात डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ साली कायदा झाला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघरांसाठी नियम करण्याची वाट मोकळी केली. कायदा झाला म्हणून गोळी दुसऱ्या दिवशी सुटली नाही. पळवाटा काढणारे मालक तेव्हाही होतेच. तरी क्रम ध्यानात ठेवावा: आधी कोणीतरी खोल्यांतून हिंडून मोजले, मग हक्क मागितला गेला.

आता दुसरा अध्याय. अफूतून मॉर्फिन निघते. त्यापासून हेरॉईन प्रथम १८७४ साली लंडनमध्ये तयार झाले, आणि १८९८ पासून जर्मनीतील बायर कंपनी ते खोकल्याचे औषध म्हणून विकू लागली. ते व्यसन लावते हे जगाला कळेपर्यंत बरीच वर्षे गेली. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या. पश्चिमेकडचे जुने मार्ग बिकट झाले आणि त्या मालाचा एक ओघ आपल्याकडे वळला. मुंबईच्या गल्ल्यांत तपकिरी भुकटीची पुडी आली. लोक तिला गर्द म्हणू लागले.

तिकडे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. संपाने गर्द आणली असे आम्ही म्हणणार नाही. ती बंगल्यांतही पोचली होती आणि कॉलेजांतही. पण भोंगा बंद झाला तेव्हा पगाराबरोबर आणखीही काही गेले. अमका आज पाळीला का आला नाही, अशी चौकशी करणारा जॉबर, खाणावळवाली, तालमीतला वस्ताद, ही सारी माणसे पांगली.

आम्ही तेव्हा त्याच वस्तीत वाढत होतो. आमच्या चाळीत साचेखात्यातल्या एका कामगाराचा मुलगा होता, आमच्याहून तीन वर्षांनी मोठा. चेंडू असा टाकी की भले भले चकत. तो चंदेरी कागदावर पुडी ओढू लागला. आईने पाटल्या मोडून त्याला उपचाराला नेले. दीड महिन्याने परत आला तो अंगाने भरलेला. सर्वांना वाकून नमस्कार केला. पाचव्या दिवशी चाळीमागच्या संडासात तो मेलेला सापडला. दाखल्यावर हृदय बंद पडल्याचे लिहिले. चाळ म्हणाली, नियत फिरली.

नियतीचा वा नियतीच्या खोटेपणाचा येथे संबंध नव्हता, हे आम्हांस फार उशिरा कळले. गर्द रोज घेणाऱ्याचे शरीर मोठ्या मात्रेला सरावते. काही आठवडे सुटली की तो सराव ओसरतो, पण जुन्या मात्रेची आठवण तशीच राहते. तीच मात्रा पुन्हा घेतली की श्वास मंद होत होत थांबतो. म्हणून तुरुंगातून किंवा उपचारातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे. यावर नॅलॉक्सोन नावाचा उतारा आहे; वेळेत दिला तर श्वास परत येतो. तो अशा माणसाच्या सोबत्यांच्या हाती असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली केली. त्या आईला यातले एक वाक्य जरी कोणी सांगितले असते, तर ते पाच दिवस तिने त्याला नजरेआड होऊ दिले नसते.

आता आमची स्वतःची गोष्ट. संघटनेचे काम करू लागल्यावर एका तरुण हमालाची बहीण आमच्याकडे आली. भाऊ पुडी घेतो, ठेकेदाराने काढून टाकले, काहीतरी करा म्हणाली. आम्ही म्हणालो, "ताई, हा घरचा मामला आहे, युनियनचा नव्हे." कामावर हात तुटला असता तर आम्ही फाटकाशी ठाण मांडले असते. तो पावसाळा त्याने पाहिला नाही. त्याचे नाव आमच्या वर्गणीच्या वहीत आहे. मृत्यूची नोंद तेथे नाही. ती करावयास आम्हीच विसरलो.

वाटा नव्हत्या असे नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, त्यास पु. ल. देशपांड्यांचे साहाय्य लाभले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानले गेले. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा शिक्षेच्या बाजूने कडक आहे. तरी उपचाराला आपण होऊन जाणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देण्याचे कलमही त्यात पुढे घातले गेले. ते कलम किती कामगारांना ठाऊक आहे? आम्हांला तरी कोठे होते?

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २ हून थोडे अधिक आढळले, आणि त्यांत हेरॉईन घेणारेच सर्वांत जास्त. म्हणजे पन्नास माणसांच्या खात्यात एक. तो एक कोण, हे त्याच्या शेजारच्या माणसाला बहुधा ठाऊक असते.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे. आपल्या गावात अशाने गेलेल्यांची नोंद खऱ्या कारणाने व्हावी. उपचाराला गेलेल्या कामगाराची जागा राखली जावी. आणि तो परत येईल तेव्हा पहिला महिनाभर त्याच्या दारी रोज कोणीतरी चहाला जावे. बार्न्सबाई खोल्यांतून हिंडल्या तेव्हा त्यांच्या हाती वही-पेन्सिलीपलीकडे काही नव्हते. आमच्या कचेरीत वह्या पुष्कळ आहेत. येत्या सोमवारी त्यांतली एक कोरी वही उघडून त्या हमालाचे नाव आम्ही पहिल्या ओळीत लिहिणार आहोत.